विमान देखभालीचे महाविद्यालय उभारताना : कोल्हापुरातील अडीच वर्षे

कोल्हापुरात नागरी विमान वाहतुकीचे प्रशिक्षण देणारे राष्ट्रीय दर्जाचे महाविद्यालय काढायचे, या विषयावरची आमची पहिली बैठक २०२३ च्या मार्चमध्ये झाली. एका जुन्या शिक्षण संस्थेच्या कार्यालयात आम्ही अकरा जण जमलो होतो आणि बैठकीचा निम्मा वेळ प्रवेशद्वारापाशी विमान कुठे उभे करायचे, त्याचे तोंड महामार्गाकडे असावे की डोंगराकडे, यावर बोलण्यात गेला. मला त्यात काही वावगे वाटले नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभारला, तेव्हापासून या गावाच्या मनात विमान आहे. मधली कित्येक वर्षे धावपट्टी असूनही विमान नव्हते. २०१८ मध्ये उडान योजनेखाली सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा सुटीवर आलेला मी स्वतः इतर माणसांबरोबर कुंपणाबाहेर उभा राहून ते उतरताना पाहिले होते. ज्या गावाने इतकी वाट पाहिली, त्याला महाविद्यालय म्हटले की आधी विमान दिसणार, हे स्वाभाविकच होते.

माझी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. मी वीस वर्षे हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा तंत्रज्ञ, होतो आणि त्यानंतर निवृत्तीपर्यंत नागरी विमान कंपन्यांमध्ये परवानाधारक देखभाल अभियंता म्हणून काम केले. या संस्थेच्या अध्यक्षांनी, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, मला केवळ सल्ला देण्यासाठी बोलावले होते. बैठकीच्या शेवटी त्यांनी विचारले, "सर, तुम्ही काहीच बोलला नाही. काय वाटतं तुम्हाला?" विमान कुठे उभे करायचे हे ठरवण्याआधी या फाटकातून बाहेर कोण पडणार आहे, वैमानिक, हवाई वाहतूक नियंत्रक की देखभाल अभियंता, हे ठरवावे लागेल, कारण या तिघांसाठी जागा वेगळी लागते, शिक्षक वेगळे लागतात आणि परवानगीचे नियमही वेगळे आहेत, एवढेच मी म्हणालो. आठवडाभराने दादांचा फोन आला आणि प्रकल्पाची जबाबदारी माझ्याकडे आली.

पुढचे तीन महिने आम्ही देशातील प्रशिक्षणाची व्यवस्था समजून घेण्यात घालवले. प्रयागराजचे नागरी विमान वाहतूक प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून चालू आहे आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रक तयार होतात. पण नियंत्रक हे विमानतळ प्राधिकरणाचे कर्मचारी असतात आणि त्यांना घडवण्याचे काम प्राधिकरण स्वतःकडे ठेवते, त्यामुळे तो मार्ग आमच्यासाठी नव्हता. फुरसतगंज येथे १९८५ मध्ये स्थापन झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे आणि त्याच परिसरात २०१३ च्या कायद्याने निर्माण झालेले राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ आहे. आपल्या राज्यात गोंदियाजवळ बिरसीला वैमानिक प्रशिक्षण होते. विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यात जळगाव होते आणि आमच्या शेजारचे बेळगावही होते. बेळगाव कोल्हापूरहून अवघ्या दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे. तिथे उड्डाण शिकवले जात असताना आपण तेच पुन्हा इथे मांडावे का, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता.

दादांना मात्र वैमानिकच हवे होते आणि त्यांचे कारण प्रामाणिक होते. "पोरगं पायलट होणार का, हेच पालक विचारणार, सर. देखभाल म्हटलं की त्यांना गॅरेज आठवतं." मी त्यांच्यासमोर गणित मांडले. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते, त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे एकट्याच्या जबाबदारीवर हाती असावी लागतात. शिकाऊ उड्डाण बहुतांशी डोळ्यांनी जमीन आणि क्षितिज पाहत केले जाते आणि त्यासाठी किमान पाच किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांपासून ठरावीक अंतर राखणे बंधनकारक असते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेकडून, गगनबावड्याच्या बाजूने, सरकत येणारे ढग कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाहीत. त्या काळात विद्यार्थी वसतिगृहात बसून राहणार, शुल्क मात्र चालू राहणार आणि एकच धावपट्टी असलेल्या विमानतळावर प्रवासी विमानांच्या वेळा सांभाळून उरलेला वेळ वाट्याला येणार. श्रीमंत घरातली मुले हे सोसतील. राधानगरी आणि शाहूवाडीकडची मुले सोसू शकणार नाहीत आणि माझ्या मनात तीच मुले होती.

दुसरी बाजू अशी होती की २०२३ च्या फेब्रुवारीत एका भारतीय कंपनीने ४७० विमानांची मागणी जाहीर केली होती आणि जूनमध्ये दुसरीने ५०० विमानांची. विमान येते तेव्हा त्याच्याबरोबर त्याची देखभालही येते. प्रत्येक उड्डाणाआधीची तपासणी, ठरावीक तासांनंतरची तपासणी आणि काही वर्षांनी सगळे विमान उघडून केली जाणारी मोठी तपासणी. हे काम परवानाधारक अभियंत्याच्या सहीशिवाय पूर्ण होत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या गल्ल्यांत, शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत तीन पिढ्या लेथ, भट्टी आणि साचे यांच्यावर वाढलेल्या या जिल्ह्याला धातू कळतो. वैमानिक घडवायला आम्हाला सगळे बाहेरून आणावे लागले असते. देखभाल शिकवायला निम्मी सामग्री या मातीत आधीच होती. जून महिन्याच्या अखेरीस दादांनी मान्य केले आणि विमान देखभाल प्रशिक्षणाचे महाविद्यालय, असा ठराव झाला.

"राष्ट्रीय दर्जा" या शब्दांवरही आम्हाला एकदा स्वच्छ बोलावे लागले. अनेकांची समजूत अशी होती की नावात राष्ट्रीय लिहिले की दर्जा येतो, किंवा दिल्लीहून तसे पत्र मिळते. देखभालीच्या क्षेत्रात परवाना महाविद्यालय देत नाही. तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते आणि तो देशभर चालतो. महाविद्यालयाला सीएआर-१४७ या नियमावलीखाली मान्यता घ्यावी लागते आणि परवान्याच्या अटी सीएआर-६६ मध्ये असतात. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला विमानावरच्या अनुभवाची अट पाच वर्षांऐवजी दोन वर्षे होते. म्हणजे आम्ही विद्यार्थ्याला जे देणार, ते त्याच्या आयुष्यातली तीन वर्षे असणार होती. हा हिशेब सांगितल्यावर बैठकीत कोणी दर्जाचा विषय पुन्हा काढला नाही.

जागा ठरवताना २०१९ आणि २०२१ चे महापूर सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कोल्हापूरची वाट बंद झाल्याचे आम्ही दोनदा पाहिले होते. त्यामुळे नदीकाठची, स्वस्तात मिळणारी जमीन सोडून दक्षिणेकडच्या उंच माळावरची जागा घेतली आणि तांत्रिक ग्रंथालय पहिल्या मजल्यावर ठेवले. इमारतीबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही. वर्गात २८ पेक्षा जास्त विद्यार्थी बसवता येत नाहीत आणि प्रात्यक्षिकात एका प्रशिक्षकामागे १५ पेक्षा जास्त चालत नाहीत, या दोन आकड्यांवरून खोल्यांचे माप आपोआप ठरले.

खरी मेहनत गेली ती एक्स्पोझिशन लिहिण्यात. हा शब्द या क्षेत्राबाहेर कोणाला माहीत नसतो. संस्था कशी चालेल, कोणाला काय अधिकार असेल, वर्ग कसा घेतला जाईल, परीक्षेचे प्रश्न कुठे ठेवले जातील, हत्यार हरवले तर काय करायचे, शिक्षक आजारी पडला तर त्याच्या जागी कोण उभा राहील, हे सर्व त्या एका दस्तऐवजात लिहायचे असते आणि एकदा मान्य झाल्यावर त्याच्या बाहेर एक पाऊलही टाकता येत नाही. मी आयुष्यभर अशा दस्तऐवजांप्रमाणे काम केले होते, पण स्वतः लिहायला बसलो तेव्हा मला कळले की प्रत्येक वाक्य म्हणजे एक वचन असते. "हत्यारे दररोज मोजली जातील" असे लिहिले की कोण मोजणार, कधी मोजणार, कुठे नोंदवणार आणि तो माणूस रजेवर असेल तेव्हा काय, ही चार वाक्ये त्याच्यामागे उभी राहतात. पहिला मसुदा आठ महिन्यांत झाला आणि त्यातला निम्मा मी नंतर खोडला, कारण आम्ही जे पाळू शकणार नव्हतो ते मी चांगले दिसावे म्हणून लिहिले होते.

त्या दस्तऐवजाच्या सुरुवातीला अकाउंटेबल मॅनेजरचे एक निवेदन असते. संस्थेला लागणारा सर्व पैसा उपलब्ध करून देण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्या व्यक्तीने या पुस्तकात लिहिलेले सदैव पाळले जाईल, अशी त्यावर सही करायची असते. दादा सही करायला आले तेव्हा मी त्यांना थांबवून संपूर्ण दस्तऐवज वाचायची विनंती केली. ते इंग्रजी वाचायला कचरत होते. मग रोज संध्याकाळी तासभर मी एकेक प्रकरण मराठीत समजावून सांगत असे आणि हे सतरा दिवस चालले. अठराव्या दिवशी त्यांनी सही केली आणि त्याच बैठकीत मोजमापाची उपकरणे दरवर्षी प्रमाणित करून घेण्यासाठी वेगळी रक्कम बाजूला काढून ठेवायला लावली. संस्थाचालकाने नियमावली वाचलेली असणे आणि नसणे यात केवढा फरक पडतो, हे मी त्यानंतर अनेकदा अनुभवले.

अभ्यासक्रमात आम्ही टर्बाइन इंजिनाच्या विमानांच्या देखभाल परवान्याचा बी-१.१ हा एकच वर्ग घेतला. तो २४०० तासांचा असतो आणि त्यात निम्म्याहून थोडा अधिक भाग वर्गातल्या शिकवण्याचा असतो. विमानाचे विद्युत व इलेक्ट्रॉनिक काम पाहणारा बी-२ वर्गही एकदमच सुरू करावा, असा आग्रह होता. मी नकार दिला, कारण माझ्याकडे त्या विषयाचा एकच भरवशाचा शिक्षक होता आणि एका माणसावर वर्ग उभा करणे म्हणजे तो सोडून गेला की विद्यार्थी वाऱ्यावर सोडणे. शिक्षक मिळवणे हे सगळ्यात अवघड काम ठरले. चालू परवाना असलेला अभियंता विमान कंपनीत जे वेतन घेतो, ते महाविद्यालय देऊ शकत नाही. शेवटी आम्हाला मिळाले ते निवृत्तीला आलेले आणि गावाकडे परतू इच्छिणारे लोक. एक साताऱ्याचे, दोन सांगलीचे आणि एक निपाणीचे. घराची ओढ हीच आमची वेतनश्रेणी होती, असे म्हणता येईल.

कार्यशाळेसाठी मात्र मला उद्यमनगरातलाच माणूस हवा होता. ज्यांना सगळे मामा म्हणतात असे एक ज्येष्ठ फिटर, चाळीस वर्षे यंत्रांचे सुटे भाग बनवण्यात घालवलेले, आमच्याकडे आले. फाइल कशी धरावी, पत्र्याची कड कशी मारावी, ड्रिल सरळ कसे उतरवावे, हे त्यांच्यासारखे शिकवणारा माणूस मी हवाई दलातही पाहिला नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ट्रेमधला एक बोल्ट बोटांत फिरवला आणि म्हणाले, "सर, ह्यो दोन सुताचा हाय. मोजायचं काय त्यात? हाताला कळतंय की." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी मायक्रोमीटर लावला. मामांचे बरोबर होते. आणि तिथेच माझ्यापुढचा खरा प्रश्न उभा राहिला, कारण ज्या हातावर मी हे महाविद्यालय उभे करणार होतो, त्याच हाताला मला थांबायला शिकवायचे होते.

त्या संध्याकाळी मी मामांना १० जून १९९० ची हकीकत सांगितली. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेले एक बीएसी वन-इलेव्हन विमान सुमारे १७,३०० फुटांवर असताना कप्तानासमोरची काच निघून गेली आणि कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउदॅम्प्टनला विमान उतरवले. सगळे वाचले, कप्तानसुद्धा. चौकशीत निघाले ते असे, की ती काच २७ तास आधी बदलली होती आणि तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासाने बारीक होते. काम करणारा माणूस नवशिका नव्हता, अनुभवी पर्यवेक्षक होता. रात्रपाळी होती, माणसे कमी होती. त्याने काढलेला जुना बोल्ट हातात धरला आणि अंधुक उजेडात खणांतून त्याच्याशी जुळणारे बोल्ट नजरेने निवडले. योग्य बोल्ट कोणता, हे भांडारातल्या माणसाने त्याला सांगितलेही होते. सुट्या भागांचे पुस्तक उघडून पाहिले असते तर क्रमांक तिथे छापलेला होता. व्यासातला फरक किती, तर ०.६६ मिलिमीटर, म्हणजे एका सुताचा जेमतेम पाचवा भाग.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "त्यो माणूस हुशार होता म्हणता न्हवं?" मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलावर मायक्रोमीटर आला, आणि विद्यार्थी यायच्या आधीच त्यांनी एक नवी रीत पाडली: आधी बोटांनी अंदाज सांगायचा, मग मोजायचे, मग पुस्तकातला क्रमांक पाहायचा आणि तिन्ही गोष्टी वहीत लिहायच्या. अंदाज त्यांनी सोडला नाही आणि मी तो सोडायला सांगितलाही नाही, कारण चुकीचा भाग हाताला खटकणे हीदेखील एक तपासणीच आहे. फक्त ती शेवटची तपासणी असता कामा नये.

प्रशिक्षणासाठीचे विमान २०२४ च्या एप्रिलमध्ये आले. उड्डाणातून निवृत्त झालेले ते दोन इंजिनांचे छोटे विमान पंख उतरवून ट्रेलरवरून महामार्गाने आणले होते, आणि रस्त्याच्या कडेला थांबून लोकांनी त्याला हात जोडले. दादांनी पेढे वाटले. त्याचे तोंड डोंगराकडे करून आम्ही ते हँगरमध्ये उभे केले, प्रवेशद्वारापाशी नाही. एक जुने टर्बोप्रॉप इंजिनही स्टँडवर बसवून मिळाले. हत्यारांसाठी प्रत्येकाच्या आकाराची छाया रंगवलेले फलक भिंतीवर लावले, जेणेकरून एखादे हत्यार परत आले नाही तर त्याची रिकामी जागा लांबूनही दिसावी.

इंग्रजीचा प्रश्न मी सर्वांत शेवटी हाताळला, ही माझी चूक झाली. देखभालीची सर्व पुस्तके इंग्रजीत असतात, नोंदीही इंग्रजीतच कराव्या लागतात, आणि आमच्याकडे येऊ पाहणारी बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली होती. काही शिक्षकांचे मत होते की प्रवेशालाच इंग्रजीची चाळणी लावावी. मला ते पटले नाही. विमानाची पुस्तके साहित्यिक इंग्रजीत लिहिलेली नसतात; त्यांच्यासाठी सोपे केलेले तांत्रिक इंग्रजी अनेक वर्षांपासून वापरात आहे, ज्यात सर्वसाधारण शब्द सुमारे ९०० असतात, शक्यतो एका शब्दाचा एकच अर्थ असतो आणि कृती सांगणारे वाक्य २० शब्दांपलीकडे जात नाही. ९०० शब्द कोणताही मुलगा एका पावसाळ्यात शिकू शकतो. आम्ही पहिल्या तीन महिन्यांसाठी रोजचा एक तास त्याला दिला. संकल्पना मराठीत समजावायची, पुस्तक इंग्रजीत वाचायचे आणि नोंद इंग्रजीत लिहायची, असा नियम केला. "इन्स्पेक्ट", "चेक" आणि "टेस्ट" या तिन्हींसाठी आपण बोलताना "तपासणे" हा एकच शब्द वापरतो; विमानाच्या पुस्तकात मात्र त्या तीन वेगवेगळ्या कृती असतात आणि एकीच्या जागी दुसरी केली तर काम झालेले नसते. हे मराठीतून समजावल्यावर मुलांना जसे उमगते, तसे ते इंग्रजी व्याख्या पाठ करून कधीच उमगत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिली तपासणी २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये झाली आणि त्यात आम्हाला मान्यता मिळाली नाही. इमारत, विमान, कार्यशाळा यांविषयी एकही आक्षेप नव्हता. आक्षेप कागदांवर होते. शिक्षकांना दर २४ महिन्यांत ३५ तासांचे अद्ययावत प्रशिक्षण द्यावे लागते. ते आम्ही दिले होते, पण दोघांच्या नोंदींवर तारखा नव्हत्या. एका टॉर्क रेंचच्या, म्हणजे बोल्ट ठरावीक जोराने आवळण्याच्या पान्याच्या, प्रमाणपत्राची मुदत तपासणीच्या चार दिवस आधी संपली होती आणि तो रेंच फलकावरच टांगलेला होता. सर्वांत गंभीर आक्षेप प्रश्नपेढीबद्दलचा होता. परीक्षेचे प्रश्न कुलूपबंद कपाटात होते, पण त्या कपाटाची किल्ली कार्यालयातल्या खिळ्याला लावलेली होती. परीक्षकाने विद्यार्थ्याला उत्तरे पुरवल्याचे आढळले तर तो परीक्षक अपात्र ठरतो आणि ती परीक्षाच रद्द होते, इतकी कडक व्यवस्था असलेल्या क्षेत्रात आम्ही किल्ली खिळ्याला लावली होती. तपासणी अधिकारी अत्यंत सौजन्याने बोलले. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तिन्ही गोष्टी एक्स्पोझिशनमध्ये व्यवस्थित लिहिलेल्या होत्या आणि त्या लिहिणारा मी होतो.

दुरुस्त्या करत असतानाच आणखी एक काम वाढले. १९३४ चा विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आमच्या दस्तऐवजात जुन्या कायद्याचा उल्लेख जिथे जिथे होता ते प्रत्येक पान बदलावे लागले, बदललेल्या पानांची यादी करावी लागली आणि जुन्या प्रती परत गोळा कराव्या लागल्या. एका शिक्षकाने घरी नेलेली एक प्रत मिळेना, तेव्हा मी स्वतः निपाणीला जाऊन ती घेऊन आलो. जुने पान कोणाच्या तरी हाती राहिले तर तो माणूस चुकीच्या पानाप्रमाणे बरोबर काम करील, हे या क्षेत्रातले सर्वांत शांत संकट आहे.

मे महिन्यात दुसरी तपासणी झाली आणि जुलैत मान्यता मिळाली. ऑगस्टमध्ये पहिली तुकडी आली: चोवीस विद्यार्थी, त्यांत सात मुली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे या शहरात उभी राहिली, त्या परंपरेची आठवण देऊन मी दादांकडे सहा जागांसाठी निवास आणि भोजन विनामूल्य मागितले होते. त्यांनी आठ दिल्या. तुकडीत चंदगडचे दोघे आहेत, गडहिंग्लजची एक मुलगी आहे आणि बिदर व गोवा येथूनही मुले आली आहेत. बिदरच्या मुलाला मराठी येत नाही, म्हणून मामा त्याला हिंदीत शिकवतात आणि तो मामांना कानडी अंक शिकवतो.

डिसेंबरमध्ये एका दुपारी प्रात्यक्षिक संपल्यावर गडहिंग्लजच्या त्या मुलीने हात वर केला आणि फलकावरची एक रिकामी छाया दाखवली. तीन अष्टमांश इंचाचा एक सॉकेट, म्हणजे नट-बोल्टावर बसणारी पान्याची टोपी, परत आला नव्हता. नियमाप्रमाणे मी हँगरचे दार बंद करवले, विमानावरचे काम थांबवले आणि शोध सुरू केला. इंजिनाचे आच्छादन उघडले, आसनांखाली आरसा आणि बॅटरी घेऊन पाहिले, कचऱ्याची पेटी जमिनीवर ओतली. दीड तास गेला. गावाकडच्या शेवटच्या गाड्या पकडायच्या असलेली मुले घड्याळाकडे पाहत होती, पण कोणी जाऊ का म्हणून विचारले नाही. अखेर मामांनी आपल्या अंगावरचा कामाचा कोट काढून टेबलावर ठेवला, तेव्हा त्याच्या आतल्या खिशात तो सॉकेट सापडला. एका विद्यार्थ्याला पकड दाखवताना त्यांनी तो तात्पुरता तिथे ठेवला होता.

मामांचा चेहरा उतरला. चोवीस मुलांसमोर हे घडले होते. मी काही बोलण्याआधी त्यांनी घटना नोंदीचा कोरा नमुना मागितला, चष्मा लावला आणि कोणती वेळ, कोणते हत्यार, कोणाकडून आणि कशामुळे, हे सगळे मराठीत, आपल्या सावकाश अक्षरात लिहिले. "कोणाकडून" या रकान्यात स्वतःचे पूर्ण नाव लिहून त्यांनी सही केली. नियमाप्रमाणे खाली इंग्रजी भाषांतर लागते, ते त्याच मुलीने लिहिले आणि मामांनी ते तिच्याकडून वाचून घेतले. मग मुलांना घेऊन संस्थेची गाडी मध्यवर्ती बसस्थानकाकडे निघाली. तो कागद फाइलमध्ये लावला आहे आणि त्याचा अनुक्रमांक एक आहे.